धारेला पाजलेलं पाणी

माझा दीर हस्ते कसबी कारागीर होता आणि मूर्ख माणूस होता. दोन्ही एकाच अंगात असलं की काय होतं ते मी बघितलं. बघितलं आणि गप्प बसले, तेही आधीच सांगून टाकते.

आम्ही नेपाळातल्या भोजपूरच्या डोंगरातले कामी, म्हणजे लोहार. आमच्या हातचं पाणी गावाला चालत नाही. आम्ही धारेला पाजलेलं मात्र चालतं. त्याशिवाय कुणाचा विळा गवत कापत नाही आणि देवीपुढचा रेडा पडत नाही. चाळीस घरं आमच्या भट्टीला बांधलेली. विळे आणि खुकुऱ्या, म्हणजे बाकदार जाड सुरे, आम्ही करायचे आणि कापणी झाली की त्यांनी भात घालायचा. त्या भातावर माझा सासरा हर्के, माझा नवरा टेके, मी आणि माझ्या तीन मुली जगत होतो.

हस्ते बारा वर्षं खाली धरान शहरातल्या एका कारखान्यात खुकुऱ्या करून परत आला. येताना पाठीवर ट्रकच्या आसाचा तुकडा, ऐरण करायला. मोटाररस्ता संपतो तिथून आमचं गाव दोन दिवसांची चढण. ओझ्याचा पट्टा कपाळात रुतून कातडी सोलली होती. अंगणात ओझं टेकवून तो म्हणाला, "बा, आलो."

सासरा चिलीम ओढत होता. "दिसलं. लोखंड कशाला वाहून आणलंस? इथलं संपलं होतं?"

"ऐरण करतोय. तुमच्या भट्टीत माझीपण एक मांडली तर..."

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हस्ते. मागचा शेळ्यांचा गोठा रिकामा पडलाय. तिथे मांड तुझा दरबार."

म्हाताऱ्याने हे हिणवायला म्हटलं होतं. हस्तेला ती परवानगी वाटली. म्हणून मी त्याला मूर्ख म्हणते.

दुसऱ्याच दिवशी त्याने लेंड्या खरवडायला घेतल्या. माती आणि भाताचा तूस मी मळून दिला, त्याने भट्टी लिंपली. लाकडाचा जाड ओंडका अर्धा जमिनीत पुरला, वर तो आस बसवला; उभं राहून मूठ खाली सोडली की मुठीचं हाड ऐरणीला टेकेल इतकी उंची, केसभर कमी नाही की जास्त नाही. खड्ड्यात लाकूड जाळून कोळसा स्वतः पाडला. शेळीच्या कातड्याचा भाता शिवला. कानशी ओळीने खिळ्यांवर टांगल्या. शेवटी एकुलती एक खिडकी दगडमातीने बुजवली, कारण तापलेल्या पोलादाचा खरा रंग अंधारातच दिसतो.

"शेळ्या बऱ्या होत्या," अंगणापलीकडून सासरा ओरडला. "निदान दूध तरी द्यायच्या!"

हस्ते हसला. बापाने आपल्याशी थट्टा केली म्हणून तो खूश झाला होता.

ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून त्याने पहिली सुरी घडवली ती माझ्यासाठी. पात्यावर बारीक अक्षरं ठोकलेली होती. "हे काय?" मी विचारलं.

"माझं नाव, वहिनी. हस्तबहादुर."

"अख्खं गाव तुला हस्ते म्हणतं."

"म्हणू दे की. पातं म्हणत नाही ना."

सासऱ्याला अक्षर येत नाही. त्याने सुरी हातात घेतली, अंगठ्याने ते नाव चाचपलं आणि मला परत दिली. "तीस वर्षं खुकुऱ्या केल्या," तो म्हणाला. "दहा-बारा तुटल्या असतील. कुणाच्या तुटल्या, कुणाला कळलं? बिननावाच्या पोराचा बाप कुणी शोधत नाही."

हस्तेचं काम चांगलं होतं, हे मान्य करायलाच हवं. त्याची धार हंगामभर टिकायची. आधी आठ घरं त्याच्या गोठ्याकडे वळली, मग पंधरा. कापणीनंतर आमच्या अंगणात भाताचा ढीग गुडघ्याएवढाच लागला. माझा नवरा मान खाली घालून घण मारत राहायचा. मी मुलींच्या ताटात पेज वाढू लागले. हस्ते त्याच्या वाट्यातला दोन पायली भात आणून ओतायचा आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग दसैं, म्हणजे आमचा दसरा, जवळ आली आणि मुखिया गोठ्याशी येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या बाहेरच, अर्थात. नवमीचा रेडा एका घावात पडला पाहिजे. नाही पडला तर गावाचं वर्ष वाईट जातं. त्या घावाची मोठी खुकुरी तीस वर्षं माझा सासरा करत होता. मुखियाने अंगणात बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलंही नाही. "हस्ते, यंदाची तू कर," म्हणाला आणि गेला.

ती खुकुरी नीट उतरली असती तर उरलेली पंचवीस घरंही त्याची होती. हे त्याला कळत होतं, मला कळत होतं, आणि म्हाताऱ्याला तर सगळ्यात आधी कळलं होतं.

पातं सुरेख घडलं. पण एक काम हस्तेला येत नव्हतं. कारखान्यात घण मारणारा वेगळा, कानस चालवणारा वेगळा आणि पाणी पाजणारा वेगळा. बारा वर्षांत त्याच्या हातात कधी किटली दिलीच नव्हती. विळ्या-सुऱ्यांवर त्याने कसंबसं निभावलं. पण ही हातभर खुकुरी. लालबुंद पात्याच्या फक्त धारेवर, किटलीच्या चोचीतून, बारीक धारेनं पाणी सोडायचं. धार कडक होते, पाठ मऊ राहते आणि घाव झेलते. पाणी पाठीपर्यंत गेलं की अख्खं पातं काचेसारखं होतं.

"बा, पाणी तुम्ही पाजा," तो बापाच्या पाया पडून म्हणाला. "हा हात पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला नाही."

"आता आठवला होय बा?" सासरा म्हणाला. पण उठला.

भर दुपारी दार लावून घेतलं. भात्यावर मी होते. हस्तेने सांडशीत पातं धरलं आणि रंग चुकू नये म्हणून तो पात्याच्या टोकाकडे डोळे लावून बसला. म्हाताऱ्याने किटली कलती केली. मुठीजवळ, जिथे हस्तेची नजर नव्हती, तिथे पाणी धारेवरून वर चढलं, पाठीवर गेलं, एकदा, दोनदा. वाफ उठली. वाफेतून म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"जेठी, भाता थांबव," एवढंच तो मला म्हणाला.

हस्तेने धारेवर कानस घासून बघितली. कानस घसरली, म्हणजे धार उत्तम. पाठ कोण घासून बघतं? त्याने दुसऱ्यांदा बापाचे पाय धरले.

नवमीला आम्ही देवळाच्या दगडी कुंपणाबाहेर उभे होतो. आत आम्हाला जाता येत नाही. खुकुरीवर सोनं बुडवलेलं पाणी शिंपडून तिला आमच्या स्पर्शातून शुद्ध केलं. ढोल वाजत होते. घाव बसल्याचा आवाज आला आणि ढोल थांबले. मग रेडा ओरडला. तो ओरडतच राहिला. दुसरी खुकुरी शोधून आणेपर्यंत ओरडत होता.

मुखिया कुंपणापाशी आला. तुटलेलं पातं त्याने हस्तेच्या पायाशी फेकलं. "यावर काय लिहिलंय? वाच."

"हस्तबहादुर," हस्ते म्हणाला.

मुखियाने पायातला जोडा काढून त्याच्या तोंडावर मारला. "नीट वाच."

"हस्तबहादुर."

परत जोडा. लोक जमले. कुणीतरी हसलं. सातव्या की आठव्या जोड्याला त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि तो म्हणाला, "हस्ते."

"मोठ्याने."

"हस्ते!"

माझा सासरा हात जोडून उभा होता. "पोर शहरात बिघडलं, मालक. माझाच हात थरथरला असेल पाणी पाजताना. म्हातारपण."

"तुझ्यावर घेऊ नकोस हर्के," मुखिया म्हणाला. "पुढच्या वर्षीची तूच कर."

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने त्याच किटलीतून दारू ओतली. वाट्या काठोकाठ भरल्या. एक थेंब बाहेर सांडला नाही. मी त्या हाताकडे बघत होते आणि मी बघतेय हे त्याला माहीत होतं.

चौथ्या दिवशी हस्ते निघाला. ऐरण पुन्हा पाठीवर घ्यायची ताकद त्याच्यात नव्हती, ती गोठ्यातच राहिली. सुजलेल्या तोंडाने त्याने मला विचारलं, "वहिनी, तू भात्यापाशी होतीस. पाणी कुठवर गेलं?"

माझ्या मागे मुली उभ्या होत्या.

"वाफ फार होती, भावजी. मला दिसलं नाही."

"मग पोलादच खोटं असणार," तो म्हणाला. "माझीच निवड चुकली. बांना सांग, मनाला लावून घेऊ नका." आणि तो उतरू लागला. पुढे त्याचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही.

त्या वर्षी चाळीस घरांचा भात आमच्या अंगणात आला. मी तो कांडला, शिजवला, पोटभर खाल्ला. भाजी अजून त्याच्याच सुरीने चिरते, तिची धार जात नाही. मरायच्या आधी म्हाताऱ्याने किटली धरायला मला शिकवलं. टेकेला नाही, मला. आता ऐरणीवर नवरा घण मारतो, हस्तेच्या त्याच ऐरणीवर. मग आम्ही दार लावून घेतो आणि पाणी मी पाजते. माझाही हात थरथरत नाही.