सोफ्यामागच्या ताई

देव कुणाला गळा देतो, कुणाला रूप देतो. ताईंना त्यानं कुजबुज दिली. हसू नका, तीही देणगीच आहे. तरुणपणी टेलिफोनच्या कचेरीत त्या नोकरीला लागल्या, तेव्हा बावीस जणी एका रांगेत खुर्चीला खुर्ची लावून बसायच्या. शेजारणीच्या कानाला त्रास नको आणि तारेपलीकडच्या माणसाला मात्र शब्द न् शब्द पोचला पाहिजे, असं बोलावं लागे. बाकीच्या ते नोकरीपुरतं शिकल्या, ताईंच्या ते अंगात मुरलं. घरी स्वयंपाकघरातून त्या हळूच "दूध वर आलंय" म्हणाल्या, तर ज्याच्यासाठी म्हटलं तो तेवढा उठे. बाकीचे पेपर वाचत बसलेले तसेच बसत.

अशी बाई नाटकवाल्यांच्या नजरेतून सुटती तरच नवल. कचेरी सुटली की ताई थेट नाट्यगृह गाठत आणि विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या अंधाऱ्या बोळात, स्टूल टाकून मांडीवर नाटकाची वही घेऊन बसत. नट अडला की पुढचे दोन शब्द सांगायचे. प्रॉम्प्टर म्हणतात त्याला. काम असं, की नीट झालं तर कुणाला कळत नाही आणि चुकलं तर शेवटच्या रांगेपर्यंत कळतं.

"इतकी वर्षं नाटकात घातलीत, वन्सं," त्यांची वहिनी म्हणे, "पण स्टेजवर तुम्हाला बघितलंय कुणी? डासांनी तेवढं."

"डास जाणकार असतात," ताई म्हणत आणि चष्मा पुसत.

लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ-वहिनीच्या घरात मागची खोली त्यांची. सकाळी देवापुढे अर्धा तास, मग घरातली निम्मी कामं, मग वही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हा क्रम मोडला नव्हता. फक्त वहीत आता नवं काही नसायचं. हल्ली प्रॉम्प्टर ठेवतं कोण?

आणि एक दिवस त्यांना बोलावणं आलं. एकतीस वर्षांपूर्वीचं एक नाटक पुन्हा उभं राहत होतं. त्याचं खरं नाव लोकांच्या कधी तोंडी बसलंच नाही, सगळे त्याला 'ते सिनेमावालं' म्हणत. सिनेमाच्या धंद्याची त्यात अशी काही रेवडी उडवली होती, की सिनेमावालेच तिकिटं काढून येत आणि शेजारच्याकडे बोट दाखवून हसत. त्यातला निर्माता गोष्ट ऐकायला बसला की पहिल्याच वाक्याला म्हणायचा, "शेवट गोड आहे ना? मग सुरुवात कशाला सांगताय?" नायकाची आई नायकापेक्षा बारा वर्षांनी लहान. आणि नायक असा, की त्याला एक वाक्य पाठ होत नाही. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी एक साहाय्यक सोफ्यामागे लपून त्याला वाक्यं पुरवतो. प्रेमाचं वाक्य उशिरा पोचतं आणि नायक ते नायिकेऐवजी तिच्या बापाला म्हणतो. लोक हसून हसून खुर्चीतून घसरत.

तो नायक तेव्हा ज्यांनी केला, तेच आताही करणार होते. वय वर्षं बाहत्तर. भाजीवालासुद्धा त्यांना 'हिरो' म्हणे, आणि नाटकातल्या मंडळींनाही दुसरं नाव आठवत नसे. दिग्दर्शन करणारी मुलगी तिशीची. नाटक पहिल्यांदा लागलं तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"नायक बाहत्तरचा, ही तर आपली लॉटरी आहे, मावशी," ती ताईंना म्हणाली. "सिनेमात असंच तर चालतं. जुन्या नाटकाला आपोआप नवी धार!"

ताईंना तिनं बोलावलं होतं ते सल्ल्यासाठी. कुठे हशा यायचा, कुठे थांबायचं, हे सगळं ताईंच्या वहीच्या समासात पेन्सिलनं टिपलेलं होतं. ताई तालमीला जाऊन कोपऱ्यात बसू लागल्या आणि चौथ्या दिवशी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली.

हिरो विसरत होते. तसे नट विसरतातच, त्यात काय मोठं? पण पूर्वी हिरो विसरले की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा करंगळीवर फिरू लागे. तो अंगठा बघून ताई शब्द टाकत. आता हात शांत. पहिल्या अंकातल्या वाक्यावरून ते सरळ तिसऱ्या अंकात गेले, तेही इतक्या ऐटीत, की समोरची नटी आपलंच चुकलं समजून "सॉरी सर" म्हणाली. आपण विसरलो हेच त्यांना कळलं नव्हतं.

तालीम संपल्यावर ताई चहाचा पेला घेऊन त्यांच्यापाशी गेल्या.

"हिरो, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

ताईंनी आपलाच अंगठा करंगळीवर फिरवून दाखवला. हिरोंनी इकडेतिकडे बघितलं.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, हळूहळू वाढत जाईल. घरी बायकोला माहीत आहे आणि आता तुम्हाला. हे नाटक मला करायचंय, ताई. नंतर काही नाही मिळालं तरी चालेल. पण मला स्टेजवर थिजलेलं बघून लोकांनी च्‌ च्‌ करायचं, ते नको. शिव्या द्या म्हणावं, कीव नको."

"कानात ते यंत्र घालतात हल्ली."

"कानात कुणीतरी बोलत असताना मी समोरच्याचं काय ऐकणार? त्यापेक्षा घरी बसतो."

त्या दिवशी ताई घरी जाऊन देवापुढे बसल्या त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ. मागणं काय मागितलं ते त्यांनाच ठाऊक. उठल्या त्या मात्र काहीतरी ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी त्या दिग्दर्शक मुलीला म्हणाल्या, "सोफ्यामागच्या साहाय्यकाचं काम करणारा तो मुलगा फार उंच आहे, नाही? डोकं दिसतं त्याचं."

"दिसतं खरं."

"कुणी बुटकं माणूस हवं. वाक्यं पाठ असलेलं."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. पाच फुटाला दोन बोटं कमी, जाड चष्मा, हातात वही. "मावशी! साहाय्यक दिग्दर्शक बाई! सगळं तीच करते आणि पडद्यावर नाव मात्र नायकाचं! आजच्या काळाला काय शोभेल! मला आधी कसं सुचलं नाही?"

"आता सुचलं ना," ताई म्हणाल्या.

आयुष्यभर जी बाई उजेडाच्या रेषेपासून हातभर मागे स्टूल ओढून बसली, ती चौसष्टाव्या वर्षी दिव्यांखाली गेली. घरी बातमी कळली तेव्हा वहिनीच्या हातातली लाटी तशीच राहिली. "वन्सं, तुम्ही? स्टेजवर? अहो, फोटो काढताना तुम्ही माझ्यामागे लपता!"

"इथेही सोफ्यामागेच लपायचंय."

खरं कारण त्यांनी घरातही सांगितलं नाही. दुसऱ्याची लाज झाकायची तर पूर्ण झाकावी, तिला झरोका ठेवू नये, असं त्यांचं मत.

रविवारी दुपारचा पहिला प्रयोग. नाट्यगृह भरलेलं. वहिनी तिसऱ्या रांगेत नवी साडी नेसून. पडदा उघडण्याआधी ताईंनी डोळे मिटून हात जोडले आणि सोफ्यामागे बसल्या.

पहिले दोन अंक म्हणजे निव्वळ धमाल. हिरो अडत, ताई कुजबुजत, हिरो ते वाक्य नको त्या माणसाला ऐकवत आणि हशा फुटे. लिहिलेलं विसरणं कुठलं आणि खरं विसरणं कुठलं, हे त्या आठशे माणसांत एकालाही कळलं नाही. एकदा हिरोंनी भलत्याच अंकातलं वाक्य उचललं, तेव्हा ताईंनी सोफ्यामागून नुसतं डोकं वर काढलं, चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि योग्य वाक्य म्हटलं. नाटकातला सगळ्यात मोठा हशा तो. दिग्दर्शक मुलगी विंगेत टाळ्या पिटत होती. "हे कधी बसवलं तुम्ही?" मध्यंतरात तिनं विचारलं. "बसलं आपोआप," ताई म्हणाल्या.

पण शेवटच्या प्रवेशात सोफा नव्हता. तो प्रवेश नायकाच्या घरातला. सगळं नाटक हसवून हसवून लेखकानं तिथे माणसाला एकटं गाठलं होतं. नायक दमून घरी येतो. बायको विचारते, "इथे कॅमेरा नाही. मागून सांगायलाही कुणी नाही. आता तुझ्या मनाचं बोल." नायक बराच वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, "मला वाटलं होतं, तू सांगशील." पडदा.

म्हणजे इथे थांबणं लिहिलेलंच होतं. आणि इथेच एकतीस वर्षांपूर्वी, तिसऱ्याच प्रयोगात, ताईंच्या हातून आयुष्यातली मोठी चूक झाली होती. हिरो थांबले होते आणि ताईंना वाटलं, अडले. त्यांनी वाक्य टाकलं. सगळं सभागृह ज्या शांततेत गुंतलं होतं, तिला टाचणी लागली. हिरोंनी नंतर त्यावरून बोल लावला नव्हता. पण ज्याला आठवत नाही तो अडतो आणि ज्याला नीट आठवतं तो थांबतो, या दोघांतला फरक ओळखता आला नाही तर वही घेऊन बसू नये, हे ताईंनी त्या दिवशी स्वतःला बजावलं.

आता त्या विंगेत स्टुलावर बसल्या होत्या. समोर हिरो खुर्चीत. बायको झालेली नटी म्हणाली, "आता तुझ्या मनाचं बोल."

हिरो गप्प.

ताई श्वास मोजू लागल्या. पूर्वी चार श्वास होत. पाच झाले. सहा. हात शांत, पण त्या हातावर आता भरवसा नव्हता. दिग्दर्शक मुलगी ताईंच्या खांद्याशी आली. तालमीत कधी इतका वेळ गेला नव्हता. "मावशी," ती पुटपुटली, "सांगा ना. गेले ते!"

ताईंच्या ओठावर वाक्य आलं होतं. सांगितलं आणि ते नुसते थांबलेले असले, तर सगळ्या नाटकाचा प्राण जाणार. नाही सांगितलं आणि ते खरंच अडले असले, तर ज्याला ते भीत होते ते आत्ता, आठशे माणसांसमोर होणार. आठ. ताईंनी हिरोंची नजर बघितली. अडलेला नट, कितीही मोठा असो, विंगेकडे बघतो. हिरो बायकोकडे बघत होते. ताईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि मुलीपुढे हात आडवा धरला. नऊ. दहा. सभागृहात कुणी खोकलंही नाही.

अकराव्या श्वासाला हिरो म्हणाले, "मला वाटलं होतं, तू सांगशील."

पडदा पडला तरी टाळी आली नाही. मग आली ती थांबेना. तिसऱ्या रांगेत वहिनी पदरानं डोळे पुसत शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "ती सोफ्यामागची आमची नणंद हो. अख्खा वेळ वाकून होती. गुडघे आहेत का दगड, देव जाणे!"

मेकअपच्या खोलीत गर्दी ओसरल्यावर हिरो आरशासमोर रंग पुसत बसले होते. ताई शेजारच्या खुर्चीत.

"काय थांबलात हो आज," ताई म्हणाल्या.

"अर्धा वेळ थांबलो."

"आणि अर्धा?"

"पुढचा अर्धा वेळ काही नव्हतं. पाटी कोरी. वाक्यही नाही, नाटक कुठलं तेही नाही."

ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मग माझ्याकडे बघितलं का नाहीत? तुम्ही बघितलं नाहीत म्हणून तर मी गप्प राहिले!"

"तुम्ही गप्प होता ना," हिरो म्हणाले. "म्हटलं, ताई बोलत नाहीत म्हणजे मी थांबलेलोच असणार. अडलो असतो तर त्यांनी सांगितलं असतं. मग बसून राहिलो. बसल्या बसल्या आलं."

मग दोघंही हसायला लागले. ताईंचं हसूसुद्धा असं, की दाराबाहेर ऐकू जाऊ नये.

"पुढच्या प्रयोगाला मी सांगणार," त्या म्हणाल्या. "असला जीवघेणा खेळ पुन्हा नको."

"आणि खरंच थांबलेला असलो तर?"

"किती श्वास थांबायचं ते आत्ता ठरवा."

"आज किती झाले?"

"अकरा."

"मग अकरा."

"सात."

"सातात काय होतं, ताई? सातात मागच्या रांगेतल्यांचं लाडू-चिवड्याचं बोलणंसुद्धा संपत नाही."

"आठ. वर एक नाही."

हिरोंनी गालावरचा उरलेला रंग पुसला. रंगाखालचा चेहरा बराच दमलेला होता. "आठ," ते म्हणाले. "पण सावकाश घ्यायचे. घाईघाईनं आठ उरकायचे नाहीत."

"बरं."

"आणि त्या पोरीला मी सांगतो. तुम्ही नाही सांगायचं. तिनं नाटक माझ्यावर उभं केलंय, तिला कळायला हवं. काढून टाकलं तर टाकलं."

"नाही टाकणार."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही माहीत," ताई म्हणाल्या. "पण तुम्ही सांगा. अडलात तर मी आहे इथे."

हिरो उठले, दार उघडलं आणि बोळातल्या गलक्यात, चांगल्या खणखणीत आवाजात, दिग्दर्शक मुलीला हाक मारली.