उपाशीपोटीची तपासणी

तिसगावच्या सॅमसन उजागरेंच्या दारात कोणीही आलं, की "जेवलात का?" हा पहिला प्रश्न ठरलेला. त्यांची मुलगी आराधना नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी ती केनियातल्या एका गावच्या दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या भाषेतलं पहिलं वाक्य तिने हेच शिकून घेतलं.

एका सकाळी आकिन्यी नावाची आजी रक्तातली साखर तपासायला उपाशीपोटी आली. याआधी तिने दोनदा टाळाटाळ केली होती आणि तपासणीशिवाय तिच्या गोळ्या ठरत नव्हत्या. आराधनाने सवयीने विचारलं, "आजी, जेवलात का?" आजी नाही म्हणाली. "मग दोन घास खाऊन घ्या." आजीने पिशवीतली केळी तिथेच आनंदाने संपवली.

मुख्य सिस्टर म्हणाल्या, "हे हॉटेल नाही. उद्या त्यांना तूच परत आणायचं."

आराधनाने आजीचं घर गाठून मोडक्यातोडक्या भाषेत चूक सांगितली आणि पुन्हा यायची विनंती केली. आजी नुसतीच हसली. येईल की नाही, काही कळेना. आराधनाने घरी फोन केला, तर आई मार्था म्हणाली, "आपल्या घरची सवय तिथवर गेली म्हनायची. आता तपासनी हुईस्तोवर तोंड बंद ठेव."

सकाळी आजी आली, शेजारणीलाही घेऊन आली. बाकावर बसता बसता तिला बजावत होती, "ही पोरगी खा म्हणाली, तरी रक्त देईपर्यंत ऐकायचं नाही."