ताकद कुणाला आली?

“दुसरं काही औषध चालू आहे का?” असं डॉक्टरांनी विचारलं, तर रोज जेवणानंतर घेता ती ताकदीची गोळी तुम्ही सांगता का?

आम्ही नव्हती सांगितली.

नांदेडच्या डॉक्टरांनी मला ‘एपिलेप्सी’ असल्याचं सांगितलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं. एपिलेप्सी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या खेळात अधूनमधून बिघाड होऊन फिट येणं. सोबतची आत्या म्हणाली, “न्हाई.” त्या दिवशी ते खरं होतं.

लातूर तेव्हा नवंनवं जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांवर ताज्या रंगाच्या पाट्या, आणि पाट्यांखाली घागरींच्या रांगा. आमचं गाव औशाजवळ; मी लातूरला वसतिगृहात राहून कॉलेज करायचे. माझे वडील, आप्पा, शाळामास्तर होते आणि पदरमोड करून पत्रकं छापायचे. फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नका, हे पत्रक त्यांनी माझ्या आजाराच्या आधीच गावभर वाटलं होतं. त्या ओल्या शाईचा वास अजून आठवला की बरं वाटतं.

डॉक्टरांनी ‘फेनिटॉइन’ दिलं. हे फिट रोखणारं औषध. त्यानं फिट थांबल्या, आणि मी पुन्हा कॉलेजच्या सभांमध्ये भांडू लागले.

मग दुष्काळ वाढला. ताटातली पालेभाजी गेली, माझा चेहरा उतरला. आत्या धर्माबादची, मिरचीच्या बाजारपेठेतली, बोलायलाही तशीच. “ही काय पोरगी हाय का वाळलेली शेंग?” म्हणत तिनं दुकानातून ‘फॉलिक ॲसिड’च्या जास्त मात्रेच्या गोळ्या आणल्या. हे रक्तासाठी लागणारं जीवनसत्त्व. मी त्या रोज घेऊ लागले.

काही आठवड्यांनी वर्गात पडले. मग पुन्हा एकदा, पाण्याच्या रांगेत. वसतिगृहाच्या बाई आप्पांना म्हणाल्या की आणखी एकदा असं झालं तर मुलीला घरी न्या. नातेवाइकांना तेवढंच हवं होतं. माझं शिक्षण त्या एका वाक्याला लटकलं.

पुन्हा नांदेड. डॉक्टरांनी रक्त तपासायला हैदराबादला पाठवलं. औषध अंगात किती उरतं ते बघायचं होतं. निकाल आला: फारच कमी. गोळ्या चुकवते का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले. दुसरं काही औषध? आत्या तितक्याच विश्वासानं म्हणाली, “न्हाई.”

बाहेर बाकड्यावर आम्ही भाकरी खाल्ली. आत्यानं पिशवीतून गोळी काढून माझ्या हातावर ठेवली, तेवढ्यात डॉक्टर दारात आले.

“हे काय?”

“हे व्हय? औषध न्हाई साहेब, ताकदीची हाय.”

त्यांनी पाकीट उलटसुलट वाचलं. रागावले नाहीत. म्हणाले, “ताकद आली खरी, आत्याबाई. पण हिला नाही, फिटला.”

मग त्यांनी समजावलं. जास्त मात्रेतलं फॉलिक ॲसिड फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण घटवू शकतं. म्हणून गोळी वाईट ठरत नाही. फेनिटॉइन घेणाऱ्यांना कधीकधी ती लागतेही. पण किती घ्यायची आणि कशी थांबवायची, तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण ती एकदम सोडली तर फेनिटॉइन अंगात जास्त होऊ शकतं. त्यांनी मात्रा बदलली, रक्त पुन्हा तपासलं. हळूहळू फिट थांबल्या. मी वसतिगृहातच राहिले, तिथूनच पदवी घेतली.

आत्यावर माझा राग कधीच नव्हता. राग आहे तो आमच्या भाषेतल्या त्या भिंतीवर: कडू ते औषध, आणि ताकदीचं म्हणजे जणू जेवणच. ही भिंत कुणी पाडायची?

आत्यानं तिच्यापुरती पाडली. पुढं धर्माबादेत कुणीही दवाखान्यात निघालं की ती उंबऱ्यावरूनच हाक मारायची, “पिशवी घेतली का गं?” आता ती नाही. ती हाक मात्र मला हवी आहे.

म्हणून एवढं करा. घरात कुणाचं रोजचं औषध चालू असेल, तर ताकदीच्या गोळ्या, टॉनिक, चूर्ण, काढा, सगळं आज एका पिशवीत भरा. मनानं काही सुरू करू नका, मनानं बंदही करू नका. पुढच्या वेळी ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, “साहेब, हेही घेते.”