नेब्रास्कातल्या ट्रीनाचा खुबा

आमच्या गावातल्या दुसऱ्या रिफॉर्म्ड चर्चच्या प्रार्थना-साखळीत सतरा नावं होती आणि सतरावं नाव डीना हावरडिंकचं होतं.

साखळीचं काम सोपं. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी काही वाईट घडलं, की पहिल्या नंबरच्या लव्होन मुलेनबर्गला कळवायचं. लव्होननं निरोप लिहून घ्यायचा, दोन नंबरला फोन करून वाचून दाखवायचा, दोननं तीनला, तीननं चारला. शेवटच्यानं पुन्हा पहिल्याला फोन करून 'पोचला' म्हणायचं. नियमांचा टंकलेला कागद प्रत्येकीच्या फ्रीजवर चिकटवलेला होता. त्यातला तिसरा नियम ठळक होता : निरोप जसाच्या तसा वाचावा, पदरचं काही घालू नये. हा नियम मार्व कोरव्हरमुळे आला. मार्वच्या पित्ताशयात खडा निघाला होता. अकराव्या घरी पोचेपर्यंत त्याचा कॅन्सर झाला आणि सोळाव्या घरी मार्वच्या बायकोला दुसरं लग्न करायला कोण बरा, इथवर गोष्ट आली. गावानं मयताच्या जेवणासाठी डुकराचे दोन हॅमसुद्धा सांगून ठेवले होते. मार्व अजून ठणठणीत आहे आणि ते हॅम वाया गेले म्हणून हळहळतो.

तर सांगायचं म्हणजे, गावात कुणाचंही दुखलंखुपलं की डीनाच्या वाट्याला दोन फोन यायचे. एक येणारा, एक जाणारा.

येणारा फोन सोळाव्या नंबरच्या आर्लीस टे स्लाचा. आर्लीस म्हणजे तव्यावर लाह्या. "डीना, लिही, हर्म विसिंकचा मोतिबिंदू, सोमवारी ऑपरेशन, कर बाई प्रार्थना, माझं उतू जातंय, ठेवते." अर्ध्या मिनिटात खेळ खलास. जाणारा फोन लव्होनला. लव्होन म्हणायची, "पोचला? बरं." हा त्याहून छोटा.

डीना एकतीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात होती. सव्वादोनशे पोरांचं जेवण ती नुसत्या अंदाजानं रांधायची आणि मीठ कधी चुकलं नाही. नवरा हार्लन होता तोवर घरचं दोघांपुरतंही जमायचं, कारण हार्लन चौघांचं जेवायचा. तो गेला आणि एका माणसाला बटाटे किती, हे डीनाला येईना. वाटाण्याचं सूप करायला घेतलं की चाळीस जणांचं व्हायचं. फ्रीझर भरला, तळघरातला दुसराही भरला. मग तिनं रांधणंच सोडलं. टोस्ट आणि डब्यातले पीच, तेही मोरीपाशी उभ्यानं. बसून खाल्लं की ते जेवण होतं आणि जेवण म्हटलं की समोरची खुर्ची दिसते. मुलगा डेल अॅरिझोनात. वाढदिवसाला फोन करायचा. कधी त्याच दिवशी, कधी त्या आठवड्यात.

चर्चमध्ये हार्लनची जागा तिच्या डाव्या हाताला होती. तिथं तीन वर्षं कुणी बसलं नाही, आदर म्हणून. प्रवचन सुरू झालं की सगळ्या बाकांवर कागद चुरचुरतात, पेपरमिंटची पुडी हातोहात फिरते. डीनापाशी आली की पुडी थांबायची, कारण पुढे द्यायला हात पोचत नसे. मग ती उठून, रिकाम्या जागेवरून वाकून, पलीकडच्या हर्म विसिंकच्या हातात द्यायची. दर रविवारी सगळ्या मंडळींसमोर एवढं वाकणं.

त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर निरोगी गेला. जुलैत कुणी शिडीवरून पडलं नाही. ऑगस्टात कुणाचं बाळंतपण अडलं नाही. नव्वदीला टेकलेले म्हातारेसुद्धा काठ्या टाकून टोमॅटो खुडत होते. स्वैपाकघरातल्या भिंतीवरचा फोन सात आठवडे वाजला नाही. डीना रोज सकाळी पाव भाजता भाजता रिसीव्हर उचलून बघायची, आत आवाज आहे ना. असायचा.

एका सकाळी तिनं हात जोडले आणि म्हणाली, "प्रभू, कुणाचं वाईट होऊ नये. पण अगदीच काही होऊ नये असंही नाही. एखादा घोटा मुरगळला तर चालण्यासारखं आहे." आणि आपण काय मागितलं हे कळल्यावर तिचे कान तापले. दुसऱ्याच्या घोट्यावर डोळा ठेवून जगायची वेळ आली होती.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी तिनं लव्होनला फोन केला.

"लव्होन, एक प्रार्थना होती."

"थांब, पेन घेते. हं, कुणासाठी?"

"माझी चुलतबहीण," डीना म्हणाली. तिला चुलतबहीण नव्हती. "ट्रीना. नेब्रास्कात असते. पडली गं. खुबा मोडलाय."

"अरे देवा! डावा की उजवा?"

असं कुणी विचारेल हे डीनाला वाटलं नव्हतं. "डावा."

"लिहिला डावा. मी लावते फोन."

मग डीना खुर्ची ओढून फोनशेजारी बसली. बेचाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"डीना, आर्लीस बोलतेय. तुझीच बहीण, तुला काय सांगायचं, पण नियम म्हणजे नियम. लिही : डीनाची चुलतबहीण ट्रीना, नेब्रास्का, डावा खुबा." आणि मग आर्लीसनं फोन ठेवला नाही! "कशी गं पडली? एकटीच असते का? तू कधी बोलली नाहीस. मी म्हणायचे, डीनाला मागे-पुढे कुणी नाही."

"असते एकटीच," डीना म्हणाली. "मांजर आहे."

"मांजर! त्याच्याच पायात पाय अडकला असणार. मी आजच म्हणते प्रार्थना. खाली बसून म्हणते."

आर्लीस अकरा मिनिटं बोलली. डीनानं घड्याळात बघितलं होतं.

थापेला पाय फुटले की ती आपल्यापेक्षा भरभर चालते. रविवारी दारातच चौघींनी गाठलं. ट्रीनाला जेवायला कोण देतं? ऑपरेशन झालं का? डीना उत्तरं देत गेली. ट्रीना डावखुरी झाली. ट्रीनानं चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं. ट्रीनाला दालचिनी चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात खुब्याची जखम चिघळली, कारण नुसतं 'बरी आहे' म्हटल्यावर लोक 'देवाची कृपा' म्हणून कॉफीकडे वळायला लागले होते. फोन आता दोन दिवसांआड वाजायचा. डीना बसून जेवायला लागली, कारण फोनची दोरी टेबलापर्यंत पुरत होती.

पण चोराच्या मनात चांदणं. पाळकसाहेबांनी भर उपासनेत "आपली भगिनी ट्रीना" म्हणून डोळे मिटले, तेव्हा डीनानं मिटले नाहीत. तिनं बाकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. इतकी माणसं एकदम देवाशी बोलत होती, आणि पलीकडे कुणीच नव्हतं.

मग महिला मंडळानं ठरवलं. आमच्या गावाचा हा दोषच आहे, आमची दया नुसती बोलून भागत नाही, तिला भांडं लागतं. शनिवारी गाडी काढायची, नेब्रास्काला जायचं, ट्रीनाला आठवडाभराचं जेवण द्यायचं आणि डीनाला तिच्याजवळ दोन दिवस ठेवून यायचं. मार्व गाडी चालवणार.

"इतक्या लांब कशाला?" डीना म्हणाली.

"हद्दीपर्यंत साडेतीन तास," मार्व म्हणाला. "मी मेलो समजून दोन हॅम घेतले होते गावानं. मी एवढं देणं लागतो. पत्ता तेवढा दे."

"शोधते. कुठंतरी ठेवलाय."

बुधवारी मार्वनं पुन्हा विचारला. गुरुवारी दुपारी डीनाच्या घरी भांडी यायला लागली. आर्लीसचं मोठ्या हंड्यातलं वाटाण्याचं सूप. बदामाचं सारण भरलेली चार लांब बांकेटं, म्हणजे आमच्याकडचे गोड डच रोल, कागदात गुंडाळलेली, त्यांच्यावर कुणीतरी लिहिलेलं : 'दालचिनी नाही'. आणि एक कार्ड. त्यावर शेहेचाळीस सह्या. हर्म विसिंकनं सही केली होती. हर्मला डोळ्यांच्या ऑपरेशननंतरही ओळ सरळ दिसत नाही, त्याची अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. 'प्रिय ट्रीना, आम्ही तुला ओळखत नाही, पण डीनाची ती आमची.'

डीना ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिली. सूप हंड्यात गार होत गेलं, वर साय धरली.

सुटायचा एक मार्ग होता. ट्रीनाला मारायचं. जखम चिघळलेलीच होती, एका रात्रीचं काम. पण मग फुलं आली असती, शोकपत्रं आली असती, आणि आर्लीस खरोखर रडली असती. शिवाय इतक्या आठवड्यांत ट्रीना इतकी चांगली बाई झाली होती की मारायला हात धजेना.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तिनं लव्होनला फोन केला.

"पेन घे."

"ट्रीनाचं काही?"

"ट्रीना नाही."

"गेली?" लव्होनचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं, डीना..."

"गेली नाही. नव्हतीच. मी केली तिला."

लव्होननं आवाज खाली आणला, घरात ती एकटीच असूनही. "हे बघ, मी काही लिहिलेलं नाही. मी मार्वला सांगते, ट्रीनाला पाहुणे नकोत. महिन्याभरानं ती बरी झाली म्हणू. तुझ्या-माझ्यात राहील. कुणाला कळायचं नाही."

डीनाला ते हवं होतं.

"आणि त्यांनी केलेल्या प्रार्थना?" ती म्हणाली. "त्या कुठं गेल्या म्हणून सांगायचं? नाही लव्होन. लिही. 'ट्रीना नाही. डीना खोटं बोलली. डीना हावरडिंकसाठी प्रार्थना करा.'"

पेनाचा आवाज आला. थांबला. "का बोललीस, ते लिहू का? लोक विचारतील."

"लिही, फोन वाजावा म्हणून."

"जसाच्या तसा वाचावा लागेल मला. साऱ्या घरांत जाईल."

"माहीत आहे."

"शेवटी तुझ्याकडे येईल. आलाच तर."

"आलाच तर," डीना म्हणाली.

एरवी साखळीला पाऊण तास लागतो. दहा वाजले. अकरा वाजले. डीनानं बांकेटं मोजून एका रांगेत लावली, मग पुन्हा लावली. समोरच्या रस्त्यानं हर्मची बायको लोइस विसिंक गेली. ती रोज हात करते. आज तिचं लक्ष गटारातल्या पानांकडे होतं. साखळीबाहेर आज किती फोन फिरत असतील याचा डीनाला अंदाज होता. तिसरा नियम साखळीपुरताच आहे, बाकीच्या गावाला लागू नाही. बारा वाजता तिनं टोस्ट केला आणि तो तसाच राहिला. दोन वाजता तिला वाटलं, कुठल्यातरी घरात कागद चुरगळून टाकला असेल. नवव्या घरी असेल. नऊ नंबरची बाई तापट. तीन वाजता वाटलं, तसं झालं असेल तर बरोबरच आहे. साखळीतून नाव काढतील. सोळावर संपेल साखळी, आर्लीस लव्होनला 'पोचला' म्हणेल. कागदावरचं एक नाव खोडायचं, तेवढंच काम. फोन काढून टाकला तरी चालेल मग.

सव्वाचार वाजता फोन वाजला. तिनं तो तिसऱ्या घंटेला उचलला.

"आर्लीस टे स्ला बोलतेय," पलीकडून आलं. शाळेतल्या मुलीनं धडा वाचावा तसा आवाज. "लिहून घे. ट्रीना नाही. डीना खोटं बोलली. डीना हावरडिंकसाठी प्रार्थना करा. फोन वाजावा म्हणून बोलली. संपलं."

"घेतलं लिहून," डीना म्हणाली. तिच्या हातात पेन नव्हतं.

"मला राग आलाय डीना."

"हो."

"माझे गुडघे किती वाईट आहेत तुला माहीत नाही. रोज सकाळी जमिनीवर बसत होते मी त्या बाईसाठी. उठायला पलंगाची पाटी धरावी लागते. त्या गुडघ्यांचं काय करायचं मी आता?"

"माहीत नाही, आर्लीस."

"मला पण माहीत नाही. सकाळपासून विचार करतेय. सहा तास निरोप माझ्याकडे पडलाय, म्हणून उशीर झाला. दुसऱ्या कुणाचा दोष नाही." मग पुढचं ती पुन्हा नेहमीच्या वेगात बोलली. "आताच बसले होते पाच मिनिटं. तुझ्यासाठी. फार काही बोलले नाही, रागातच होते. रविवारी माझ्याशी बोलू नकोस, मला जमणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बघू. आणि हंडा माझ्या आईचा आहे, खरवडून घासू नकोस." फोन ठेवला.

मग डीनाला आठवलं की शेवटच्यानं पहिल्याला कळवायचं असतं. तिनं लव्होनचा नंबर फिरवला.

"पोचला," ती म्हणाली.

"बरं," लव्होन म्हणाली.

इथं फोन ठेवतात. लव्होननं ठेवला नाही. डीनानंही ठेवला नाही. मग पलीकडे रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, नळ सुटला, पाठोपाठ बशीवर बशी. लव्होन दुपारची भांडी घासत होती आणि घासता घासता लांबून ओरडली, "मी इथंच आहे गं, हात ओले आहेत!"

"असू देत," डीना म्हणाली. ते लव्होनला ऐकू जाणार नव्हतं. तिनं खुर्ची ओढली आणि रिसीव्हर कानाला धरून बसून राहिली. लव्होनच्या घरी पुष्कळ भांडी होती.