रिबकाबाईंच्या तिकोन्या

रिबकाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरमोरीला लेकीकडे होते. चामोर्शीला पोचले तोवर शेजाऱ्यांनी अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. त्यांचा एकुलता मुलगा शालोम इस्राएलहून निघाला होता. माती त्यानंच दिली...

आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात नर्स. बाई मूळच्या कोकणातल्या बेने इस्राएल. नवऱ्याच्या वनखात्यातल्या नोकरीपायी इकडे आल्या आणि तो गेल्यावरही इथंच राहिल्या. गावात ज्यूंचं घर ते एकच. होळीच्या सुमाराला त्यांचा पुरीम यायचा. बाई पातेल्यात वाळू तापवायच्या, झाकणावर निखारे ठेवायच्या आणि खोबरं, खसखस, गूळ भरलेल्या तिकोन्या आत भाजायच्या. खुसखुशीत, कडेला जराशा करपलेल्या. या सणाला शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाऊ द्यायचा असतो. आमच्या बौद्ध वस्तीपासून बाजारापलीकडच्या गोंड घरांपर्यंत त्या स्वतः ताट घेऊन फिरायच्या.

निवृत्तीनंतर शालोमनं त्यांना कायमचं नेलं. भांडीकुंडी वाटून बाई गेल्या, आणि वर्षाच्या आत परत!

"काऊन वापस आल्या बाई? पोरगा काई बोलला का?"

"नाई वं सुशीला. लय जपलं त्यानं. पन तिथी साऱ्याइच्याच घरी तिकोन्या. मी कोनाले नेऊन देऊ?"

शालोमला ते फार लागलं. आपल्या घरापेक्षा आईला गाव जवळचं, असं त्यानं मनात घेतलं. फोनवर तुटक बोलायचा.

यंदा तो पुरीमपर्यंत थांबला. "मावशी, मला शिकवा," म्हणाला. पहिली खेप आम्ही दोघांनी मिळून करपवली. दुसरी बरी निघाली. मग तो ताट घेऊन दारोदार फिरला, मी मागं. शेवटचं घर जनाबाईचं. म्हातारीच्या आता काहीच लक्षात राहत नाही.

"रिबकाबाई काऊन नाई आली?" तिनं विचारलं.

शालोमनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसला. लहानपणीची बोली त्याच्या तोंडी अडखळत आली.

"तिनंच धाडलं मले, आजी."

"मंग बस ना इथी," म्हातारी म्हणाली. तिनं एक तिकोनी मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.