फाटकाशी काढलेल्या चपला

अंजनगाव सुर्जीत सहदेवच्या पानमळ्यात शिरायचं तर फाटकाशी चपला काढाव्या लागतात. मोठा साहेब आला तरी त्याची सुटका नाही. नागवेलीत पायताण चालत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण वर्षालीला कोण सांगणार? ती पडली अकोल्याची. बाप आधीच गेलेला, उन्हाळ्यात आईही तापानं गेली, म्हणून सहदेवमामा तिला घेऊन आला. आणि आल्या दिवशीच ही बाई सँडल घालून थेट वेलींत शिरली.

"हिच्या मायनं हिले काहीच शिकवलं नाही काय वो?" मैनामामी म्हणाली.

ती माय म्हणजे मामाची सख्खी धाकटी बहीण, शकुन. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा याच फाटकात उभं राहून त्यानं तिला सांगितलं होतं, पुन्हा या मळ्यात पाय ठेवायचा नाही. तीही पक्की. तिनं ठेवला नाही. त्या दिवसापासून घरात तिचं नाव कोणी काढत नव्हतं.

पोरगी आईवरच गेलेली. रडली-रुसली नाही. दुसऱ्या दिवशी सँडल फाटकाबाहेर ठेवून मामीच्या मागं मागं काम शिकायला लागली. नागवेल शेवरीच्या झाडावर चढते, आणि चढेल तशी तिला लव्हाळ्याच्या पात्यानं बांधत जावं लागतं. वर्षाली डावखुरी. मामा म्हणायचा, "उजव्या हातानं बांध." ती उजव्या हातानं बांधायची आणि गाठ सुटायची. मग मामी ती पुन्हा बांधायची, काही न बोलता, आणि ते न बोलणंच पोरीला जास्त लागायचं. दोन घास मिळत होते, अंथरूण मिळत होतं. पण आपण इथल्या आहोत असं काही तिला वाटत नव्हतं.

मळ्यात विहिरीच्या अंगाला एक ओळ होती. तिला कोणी हात लावत नसे. उपटतही नसत, बांधतही नसत. वेली आपल्या जमिनीवर लोळायच्या. एका सकाळी पाहतात तर त्या ओळीतली पहिली वेल नीट शेवरीला बांधलेली. दुसऱ्या दिवशी पुढची. तिसऱ्या दिवशी तिच्याही पुढची. फाटकाला कुलूप, कुंपण शाबूत. पानं खुडणारा गोवर्धन तर सरळ टोपली ठेवून मोकळा झाला.

"सहदेवभाऊ, पोरगी आल्यापासून हे सुरू झालं," तो म्हणाला. "हिच्या मागं काहीतरी लागून आलं हाये. आमी येत नाही आता."

पानं वेलीवरच पिवळी पडायला लागली. मामा दोन दिवस विचारात होता. मग म्हणाला, "सोमवारी तुले अमरावतीले होस्टेलवर ठेवतो. तिथं शाळा चांगली हाये."

"मी कोठीच जात नाही," वर्षाली म्हणाली.

"मंग काय करू मी?"

"कोण बांधून राहिलं, ते पाहून सांगतो तुमाले."

मामानं मान हलवली, पण तिला अडवलं नाही. रविवारी झुंजूमुंजू होताच ती किल्ली घेऊन फाटकाशी गेली. काल संध्याकाळी मामीनं तिथं झाडलं होतं. त्या धुळीवर आता चपलांचे ठसे होते, शेजारी शेजारी, कोणी काढून ठेवाव्यात तसे. चपला मात्र नव्हत्या. आणि कुंपणाच्या आत, ओल्या मातीत, अनवाणी पावलं थेट विहिरीकडे गेलेली.

तिला पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगा. पण डोकं चालत होतं. चोर कधी चपला काढून येतो का? बाहेरचं कोणी एवढा मान ठेवतं का? हे घरचंच माणूस आहे, तिनं ठरवलं. तिनं सँडल काढून त्या ठशांशेजारी ठेवली आणि आत गेली.

ओळीत कोणी नव्हतं. पण एक वेल हळूच उचलली गेली, शेवरीला टेकली, लव्हाळ्याचं पातं तिच्याभोवती फिरलं आणि गाठ डावीकडून आवळली गेली. ती गाठ वर्षाली ओळखत होती. रोज शाळेत जाताना तिच्या वेणीच्या रिबिनीला तीच गाठ पडायची.

"आई," ती म्हणाली.

पातं थांबलं. वर्षाली पुढं झाली. पुढची वेल तिनं उचलली आणि डाव्या हातानं गाठ मारली. ती सुटली नाही. मग दोघींनी मिळून ओळ बांधली, एक वेल हिची, एक तिची, विहिरीपर्यंत.

मामा केव्हा आला ते तिला कळलंच नाही. तो फाटकाबाहेर उभा होता आणि धुळीतल्या ठशांकडे पाहत होता. सँडलशेजारचे चपलांचे ठसे कोणाचे, ते त्यानं बरोबर ओळखलं. पण आत येईना.

"मामा, ही ओळ कोणाची होती?"

"तिचीच," तो म्हणाला. "लहानपणी हट्टानं मागून घेतली होती. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हती."

"आई सांगे, तुमी नाही म्हटलं होतं, म्हणून इतके दिवस आली नाही ती. आताही चपला काढूनच आली."

मामाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यानं पुसलंही नाही. चपला काढून तो आत आला आणि त्या रिकाम्या ओळीला म्हणाला, "शकुन, चुकलो मी. तुहाच मळा हाये हा. येत जाय."

त्यानंतर मळ्यात तसे ठसे कोणाला दिसले नाहीत. नवी वेल फुटली की ती लोळत पडायची, वर्षाली येऊन बांधेपर्यंत. होस्टेलचा विषय पुन्हा निघाला नाही. गोवर्धन मात्र पोळ्यानंतर परतला, जरा लाजतच. विहिरीकडची ओळ पाहून त्यानं विचारलं, "आता ही कोण बांधून राहिलं?"

"शकुनची पोरगी," मामा म्हणाला. "ओळ तिची हाये. खुडायची असन तर तिले विचार."

गोवर्धननं चपला काढल्या आणि वर्षालीला विचारायला गेला.