धाडणारा कोण

धुळ्याच्या कॉलेजात मी मुलांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवते. विषय कमी गुणांचा, म्हणून तास जेवणानंतरचा, आणि निम्मा वर्ग पेंगत असतो. मोबाइलवर काही आलं की आधी विचारायचं, हे बनवलं कुणी, कुणावर चिडायला लावतंय, आणि आपल्याला धाडलं कुणी.

मागच्या हिवाळ्यात मी एक व्हिडिओ पडद्यावर दाखवला. मुसलमान आचारी जेवणात थुंकतोय, खाली ‘सावध राहा, सगळ्यांना पाठवा’. सातपुड्याच्या पायथ्याकडची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, “मॅडम, तो फुंकर मारतोय. थुंकल्याचा आवाज वरून चिकटवलाय.” मला तिचं केवढं कौतुक वाटलं! तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “धाडणारे आबा कोण, मॅडम?” फोन माझाच लावला होता, वरचं नाव झाकायचं राहून गेलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. जळगावला पिंप्राळ्यात राहतात. रिटायर झाल्यापासून सकाळी फुलांचं सुप्रभात आणि सोबत हाताला लागेल ते सगळ्या ओळखीच्यांना एकदम धाडणं, हीच त्यांची नोकरी. त्या यादीत कोण कोण आहे, हे त्यांचं त्यांनाही आठवत नाही.

यादीत चाचा होते. सोनगीरजवळच्या आमच्या गावचे, शाळेत आबांसोबत एकाच बाकावर बसलेले. मुसलमान. दर थंडीत ते वांगी घेऊन एसटीने यायचे आणि आबांच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर भरीत व्हायचं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची आणि उखळासारख्या लाकडी बडगीत मुसळीने ठेचायची. ठेचायचा मान चाचांचा. दुसऱ्या कुणी मुसळीला हात लावला की ते अंगावर यायचे.

व्हिडिओनंतरही चाचा आले. वांगी भाजली. मग सगळ्यांना दिसेल अशा बेताने नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि मुसळी आबांपुढे धरली.

“भाऊ, औंदा तूच ठेच. मना हात दुखस.”

मी चटकन आबांकडे पाहिलं. आबा मात्र “म्हातारा झालास रे” म्हणून हसले आणि ठेचायला बसले. भरिताचा पार लगदा झाला. चाचांनी दोन घास खाल्ले, चांगलं झालंय म्हणाले आणि लवकरची गाडी धरली.

ते गेल्यावर मी आबांना त्यांचाच फोन उघडून, तो व्हिडिओ चाचांनाही गेलेला दाखवला. आधी माझ्यावरच खेकसले, “मी काय त्याच्याबद्दल म्हणालो होतो?” मग बराच वेळ वांग्याच्या जळक्या साली गोळा करत बसले. माझा राग तिथेच विरला, उरलं ते नुसतं वाईट वाटणं.

यंदा चाचा आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. आबा परवा रडवेले होऊन म्हणाले, “पोरांना शिकवतेस ना? मग त्यालाही जाऊन सांग, व्हिडिओ खोटा होता म्हणावं.”

मी गेले. चाचांच्या ओसरीवर बसून वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. फुंकर, वरून लावलेला आवाज. चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मला पाणी दिलं.

“बेटा, व्हिडिओ खोटा शे, हाई माले म्हाईत शे,” ते म्हणाले. “धाडनारा तं खरा व्हता ना.”